फॉर्म बाजूला ठेवा, मुलांना गोदाघाटावर उभं करा

पत्र: मी नाशिकमधल्या एका डिझाइन कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकवते. सिंहस्थ जवळ येतोय म्हणून या सत्रात वर्गाला एक काम दिलं. पंचवटीत बाहेरगावहून येणाऱ्या माणसाला वाट सापडेल अशी व्यवस्था आखा. पाट्या, नकाशे, ॲप, काय हवं ते. आधी युजर रिसर्च, म्हणजे ते वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास, करा म्हटलं, तर दोन दिवसांत सगळ्या गटांचे गूगल फॉर्म तयार. मित्रांच्या, मावश्या-आत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरले, प्रत्येकाला साठेक उत्तरं आली, पाय चार्ट झाले आणि लोकांना ‘इंटरॅक्टिव्ह डिजिटल पाट्या’ हव्यात असा निष्कर्ष निघाला. एका गटानं तर निम्मी उत्तरं स्वतःच भरली. एकाच रात्री, मिनिटामिनिटाच्या अंतरानं आलेली होती, त्यावरून कळलं. त्यांना नापास करू का? मी ग्राफिक डिझाइनमधली, संख्याशास्त्राशी माझा संबंध बारावीतच सुटला. डेटा गोळा करणं आणि त्याचा अर्थ लावणं या मुलांना कसं शिकवू? हाताशी सहा आठवडे आहेत आणि शेवटी काम तपासणाऱ्या ज्युरीला आकडे लागतात.
एक शिक्षिका, गंगापूर रोड

मॅडम,

नापास करू नका, पण झालेलं झाकूही नका. खोटी उत्तरं भरली हे वाईटच. ती भरताना त्यांचा हात का अडखळला नाही, ते मात्र पाहा. खरी उत्तरं आली असती तरी त्यांच्या डिझाइनमध्ये काडीचा फरक पडणार नव्हता. डिजिटल पाट्या आधीच ठरल्या होत्या. ‘रिसर्च’ नावाचं एक पान सबमिशनमध्ये भरायचं होतं, ते त्यांनी भरलं. प्रामाणिक गटांची गोष्टही फार वेगळी नाही. रामकुंडाची वाट ज्यांना डोळे झाकून सापडते अशा ओळखीच्या नाशिककरांना त्यांनी परगावच्या माणसाची अडचण विचारली.

त्या गटाला एकट्यानं बोलवा आणि पणाला काय लागलंय ते सांगा. २००३ च्या सिंहस्थात पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण त्यांच्या घरी कुणाला तरी आठवत असेल. गर्दीत लोटल्या जाणाऱ्या माणसाला कुठे वळायचं हे सांगणारी पाटी या मुलांच्या हातून घडणार आहे. ती कुणाच्या तरी रात्रीतून भरलेल्या उत्तरांवर उभी राहिली, तर त्याचा त्रास चार्ट बनवणाऱ्याला होत नाही. एवढं बोलून काम पुन्हा करायला लावा, आणि ते पूर्ण गुणांसाठी.

आता शिकवायचं कसं. पहिल्या आठवड्यात कुणीही माणसांना काही विचारायला जायचं नाही. प्रत्येक गटानं आपल्याला घ्यायचे निर्णय लिहून काढायचे: पाटी कुठल्या वळणावर, किती उंचीवर, कोणत्या भाषेत, शब्द की चित्र, मुळात नकाशा हवा का. प्रत्येक निर्णयासमोर लिहायचं की हे ठरवायला मला काय कळायला हवं, आणि उत्तर असं आलं तर मी काय काढीन, तसं आलं तर काय काढीन. दोन्हीकडे एकच चित्र येत असेल तर तो प्रश्न खोडायचा. ‘तुमचं वय’, ‘तुम्ही वर्षातून किती वेळा देवदर्शनाला जाता’ असले निम्मे प्रश्न इथेच गळून पडतील.

हे त्यांना पटवायला उदाहरण घाटावरच उभं आहे. गोदेला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हा आकडा बातम्यांत येतो, पण नाशिककर विचारतो की पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं. त्या एका खुणेवरून घाटावरची टपरी उचलायची का, पलीकडे जायचं की घरीच थांबायचं, हे ठरतं. ज्याच्यावर काही ठरतं असा डेटा शोधून आणा, असं मुलांना सांगा.

दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडा. परगावच्या माणसाला वाट सापडत नाही तेव्हा तो कुणाला तरी विचारतो. मग ज्यांना विचारलं जातं त्यांच्याजवळ जाऊन उभं राहायचं. मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, सरदार चौक, काळाराम मंदिरासमोरचा रस्ता, सीता गुंफेचा परिसर. फुलवाले, प्रसादाची दुकानं, चहाच्या टपऱ्या, रिक्षा स्टँड. दुकानदाराची परवानगी घ्यायची, धंद्याच्या आड यायचं नाही, दोघादोघांनी तास-दीड तास थांबायचं. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला वहीत एक ओळ: वेळ, कुणाला विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, उत्तर तोंडानं मिळालं की नुसतं हातानं, आणि तो माणूस नंतर खरंच कुठे वळला. पुढच्या दुकानात त्यानं तेच पुन्हा विचारलं का, हेही.

शब्द जसेच्या तसे लिहून घेण्याबाबत तुम्ही कडक राहा. ‘मंदिराबद्दल चौकशी केली’ अशी ओळ आली तर परत पाठवा. ‘काळाराम मंदिर कुठंय?’ ‘काळाराम मंदिर हेच का?’ ‘काळाराम मंदिर अजून किती लांब?’ ही तिन्ही मंदिराबद्दलचीच चौकशी, पण तिघांचं काम तीन वेगळ्या गोष्टींनी होईल. पहिल्याला दिशा दाखवणारी पाटी हवी. दुसरा दारात येऊन पोहोचलाय, त्याला दारावर नाव दिसायला हवं, आणि तेही तो ज्या बाजूनं येतो त्या बाजूनं. तिसऱ्याला दिशा माहीत आहे. त्याच्यासोबत बहुधा गुडघे दुखणारी आई आहे, आणि रिक्षा करायची का ते त्याला ठरवायचंय. ‘लोक मंदिराबद्दल विचारतात’ असं लिहिणारा विद्यार्थी या तिघांसाठी एकच बाण काढणार. जशीच्या तशी वाक्यं असतील तर वर्गात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, वही वाचतानाच चित्र सुचायला लागतं. शिवाय ‘रामकुंड किधर है भैया’ आणि ‘गाडी कुठं लावू’ अशा ओळी किती आल्या त्यावरून भाषेचा आणि पार्किंगचा प्रश्नही आपोआप पुढे येतो. फॉर्ममध्ये तो विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

वहीच्या पानाचे दोन भाग करायला लावा. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. ‘आजी गोंधळल्या होत्या’ हे उजवीकडचं. ‘आजी पाटीखाली थांबल्या, वर पाहिलं नाही, फुलवाल्याला विचारलं’ हे डावीकडचं. सुरुवातीला मुलं सगळंच डावीकडे लिहितील. पहिल्या फेरीच्या वह्या तुम्ही स्वतः लाल पेनानं तपासा. युजर रिसर्चमध्ये शिकवण्यासारखं जे आहे, त्यातला मोठा वाटा मला या एका रेघेत दिसतो. बाकीची तंत्रं मुलं पुढे कुठेही शिकतील.

कुणाला विचारायचं याचा विचार मुलं करतात, कधी उभं राहायचं याचा करत नाहीत. मंगळवारी दुपारचं पंचवटी वेगळं, श्रावणी सोमवारी सकाळी कपालेश्वराच्या पायऱ्यांशी वेगळं, संध्याकाळी आरतीच्या वेळचं रामकुंड वेगळं. सगळे गट कॉलेज सुटल्यावर चार वाजताच गेले तर तुमच्याकडे चार वाजताचा डेटा येईल. वेळा वाटून द्या, त्यात पहाटेची एक असू द्या. आणि पर्वणीची गर्दी आज कुणालाच मोजता येणार नाही, हे मुलांनी अहवालात स्पष्ट लिहिलं पाहिजे.

इथे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांची ओळख जरूर करून द्या. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था त्यांनी १९३१ मध्ये उभारली आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागेही तेच होते. बंगालमध्ये तागाच्या पिकाखालचं क्षेत्र मोजताना एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या तुकड्यांकडून घ्यायची पद्धत त्यांनी वापरली. दोन तुकड्यांच्या आकड्यांत जेवढं अंतर, तेवढा आपला मोजमापावरचा विश्वास कमी. तुमच्या वर्गाला हे सहज जमेल. एकाच चौकात, एकाच तासाला, दोन जोड्या उभ्या करा आणि आपसात बोलू देऊ नका. एकीच्या वहीत चाळीस प्रश्न निघाले आणि दुसरीच्या बावीस, तर दुसऱ्या दिवशीचा तास त्याच्यावरच घ्या. रिक्षावाल्यानं आपणहून ‘कुठं जायचं’ म्हटलं ते धरायचं का? सहा जणांच्या कुटुंबात तिघांनी तेच विचारलं तर एक की तीन? तो वाद मिटला की पाहणीचे नियम मुलांनी स्वतः लिहिलेले असतील. खऱ्या पाहणीआधी छोटी चाचणी फेरी घ्यायचा आग्रहही महालनोबिसांचाच, तो पाळा.

मग मुलाखती. ‘पाट्या समजायला अवघड वाटतात का?’ असं विचारलं की लोक ‘हो’ म्हणतात, आणि ‘डिजिटल पाटी आवडेल का?’ म्हटलं तरी ‘हो’च. आपल्याकडची माणसं शिकणाऱ्या पोरांचं मन मोडत नाहीत. त्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारायची. ‘आज इथवर कसे आलात? गाडीतून उतरल्यापासून सांगा. कुठं थांबलात? मग काय केलंत?’ जॉन फ्लॅनागन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये घडलेल्या नेमक्या प्रसंगांवरून माहिती काढायची पद्धत मांडली होती, तिचा उगम दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासात आहे. मत विचारलं की माणूस चांगला दिसायचा प्रयत्न करतो, प्रसंग विचारला की तो आठवायला लागतो. वर्गात याचा सराव जोडीनं घ्या: एकानं दुसऱ्याला कॉलेजात पहिल्या दिवशी स्टुडिओ कसा सापडला ते विचारायचं, पण ‘का’ आणि ‘आवडलं का’ हे शब्द वापरायचे नाहीत.

एका गोष्टीवर मात्र कोणतीही सूट देऊ नका. रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनाला, दशक्रियेला येतात. ज्यांच्या घरात नुकतंच माणूस गेलंय त्यांच्याजवळ वही घेऊन जायचं नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, लांबूनही नाही. हा नियम मुलांकडून लिहून घ्या. बाकी ठिकाणी बोलायच्या आधी आपण कोण, कशासाठी विचारतोय, नको असेल तर नाही म्हणा, हे साध्या मराठीत किंवा हिंदीत सांगायचं. नाव आणि फोन नंबर लागतच नाहीत, मग घ्यायचे कशाला? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं संमती ही मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली असावी असं म्हटलंय, आणि अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला तो मूल धरतो. तिथे पालकांची संमती लागते. म्हणून लहान मुलांना विचारायचंच नाही असं ठरवलं तर उत्तम. आवाज रेकॉर्ड केला असेल तर लिहून झाल्यावर पुसायचा, आणि कधी पुसणार ते आधीच सांगायचं.

विश्लेषणाची तुम्हाला भीती वाटतेय, पण ग्राफिक डिझाइनरला ते जवळचं वाटेल. वह्या घेऊन सगळे बसा आणि आधी नुसतं मोठ्यानं वाचा. निष्कर्ष काढायचा नाही, कुणी ‘म्हणजे लोकांना...’ म्हणून सुरू झालं तर थांबवायचं. मग एक नोंद, एक चिठ्ठी. इथे वर्गात हमखास काय होतं? मुलं भिंतीवर आधी ‘गर्दी’, ‘भाषा’, ‘स्वच्छता’ अशी शीर्षकं लावतात आणि चिठ्ठ्या त्यांच्याखाली टाकतात. डोक्यात होतं तेच भिंतीवर येतं. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञानं नेपाळमधल्या खेड्यांत काम केलं होतं. क्षेत्रकार्यातल्या नोंदींचा ढीग हाताळण्यासाठी त्यानं जी रीत बसवली, ती त्याच्या आद्याक्षरांवरून (जपानी रीतीनं आडनाव आधी, कावाकिता जिरो) केजे पद्धत म्हणून ओळखली जाते. तिच्यात उलटं चालतं: चिठ्ठ्या आधी, नावं शेवटी. एकमेकींजवळ जाव्यात असं वाटणाऱ्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या, आणि गठ्ठ्याला नाव देताना पूर्ण वाक्य लिहायचं. ‘भाषा’ या नावावरून काहीच काढता येत नाही. ‘मराठी येत नसलेली माणसं पाटी सोडून थेट दुकानदाराकडे जातात’ या वाक्यावरून काढता येतं. ज्या चिठ्ठ्या कुठेच बसत नाहीत त्या कोंबू देऊ नका, बाजूला राहू द्या. आपल्या लाडक्या कल्पनेच्या विरोधात जाणाऱ्या निदान तीन नोंदी प्रत्येक गटानं दाखवल्याच पाहिजेत, असा नियम करा.

त्यानंतर मोजायचं. एक साधी शीट पुरे: एक नोंद म्हणजे एक ओळ, एका रकान्यात एकच गोष्ट. संख्याशास्त्र म्हणाल तर तुम्हाला या सत्रापुरत्या तीन गोष्टी आल्या तरी चालेल. पहिली, टक्केवारी किती हलते. साठ माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असती, तरी ‘पन्नास टक्के’ हा आकडा बारा-तेरा अंकांनी वर किंवा खाली असू शकला असता. मावशीच्या ग्रुपवरच्या साठांना तर हा हिशेबही लागू होत नाही. म्हणून मुलांनी टक्के लिहायचेच नाहीत, ‘इतक्यांपैकी इतके’ असं लिहायचं. दुसरी, ‘पाच जण पुरतात’ हे वाक्य. ते मुलं कुठेतरी ऐकून येतात आणि कशालाही लावतात. ते याकोब निल्सन आणि थॉमस लँडॉवर या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितावर उभं आहे, आणि एखाद्या वस्तूच्या वापरातले दोष शोधण्याच्या चाचणीबद्दल आहे. एका माणसाला सरासरी ३१ टक्के दोष सापडत असतील, तर पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के सापडतात. लोकसंख्येतले किती जण काय म्हणतात हे पाच जणांवरून कळत नाही. तिसरी, चित्र न काढता सरासरीवर विश्वास ठेवू नये. फ्रान्सिस ॲन्स्कॉम या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच दिले. चारही संचांची सरासरी, पसारा, परस्परसंबंध जवळपास सारखे, पण कागदावर काढले की एक सरळ रेषेभोवती, एक कमानीसारखा, उरलेल्या दोघांत एकच बिंदू सगळं बिघडवणारा. हे चार आलेख मुलांकडून हातानं काढून घ्या. कॅल्क्युलेटरपेक्षा डोळ्यांवर भरवसा असलेल्या वर्गाला हा तास आवडेल.

पाचव्या आठवड्यात पुठ्ठ्याच्या पाट्या करून पुन्हा तिथेच जा. पाटी विद्यार्थ्यानं हातात धरायची नाही, कारण लोक पाटी न वाचता त्यालाच विचारतील. ओळखीच्या झालेल्या एखाद्या दुकानदाराला विचारून त्याच्या दाराशी टेका. येणाऱ्याला ‘पाटी कशी वाटली’ विचारू नका. ‘इथून सीता गुंफेकडे कुठून जाल, दाखवा’ म्हणा आणि तो कुठे पाहतो, हात कुठे करतो ते टिपा. चुकला तर लगेच सुधारायचं नाही, मात्र निघताना बरोबर वाट दाखवूनच सोडायचं. ही चाचणी प्रत्येक पाटीवर पाच-पाच जणांवर केली तरी चालेल, पाचाचा नियम इथलाच आहे.

राहता राहिली ज्युरी आणि गुण. निम्मे गुण वहीला द्या: जशीच्या तशी वाक्यं, दिसलं-वाटलं यातला फरक, दोन जोड्यांची तुलना. पुढचा मोठा हिस्सा कोणत्या नोंदीमुळे कोणतं डिझाइन बदललं हे दाखवण्याला. सादरीकरणाच्या देखणेपणाला जे उरतील ते. मुलं गुणांमागे जातात यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही, म्हणून गुण कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरवा, आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. आपल्या विभागप्रमुखांशी ज्युरीच्या आधी एकदा बोलून ठेवा, म्हणजे पाय चार्ट का नाहीत हा प्रश्न ऐन वेळी मुलांवर येणार नाही. ज्युरीत प्रत्येक गटानं पहिली स्लाइड आकड्यांचीच लावावी, पण ती अशी: कुठे उभे होतो, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती प्रश्न ऐकले, त्यातले ‘कुठंय’ किती, ‘हेच का’ किती, ‘किती लांब’ किती, आणि दोन जोड्यांच्या मोजणीत किती फरक पडला. सॅम्पल साइझ विचारली तर हीच स्लाइड पुन्हा दाखवायची आणि वही पुढे करायची.